आकडेमोडीची मुक्त साधने आणि उद्योगांचा विश्वास

औषधाच्या पट्टीवर छापलेली मुदत अंदाजाने ठरत नाही. ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत औषधाचे नमुने महिनोन्‌महिने ठेवले जातात, नेमलेल्या दिवशी त्यांतील औषधी द्रव्याचे प्रमाण मोजले जाते आणि या मोजमापांवरून एक उतरती रेषा काढली जाते. ९५ टक्के खात्रीची मर्यादा धरली असता ती रेषा मान्य प्रमाणाच्या खाली केव्हा जाईल, याच्या गणितावर मुदत ठरते. वेर्ण्यापासून हैदराबादपर्यंत जिथे जिथे औषधे बनतात, तिथे हे गणित करावे लागते आणि ते आता कागदावर नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलीत होते. ती आज्ञावली बरोबर उत्तर देते, याची हमी कोणी द्यायची? विकत घेतलेली असेल तर विकणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवता येते. पण ती कोणा एकाच्या मालकीचीच नसेल तर? मुक्तस्रोत गणिती साधनांच्या औद्योगिक वापराचा सारा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. पैशांची बचत हा त्यातला तुलनेने लहान भाग आहे.

अभियांत्रिकीतील आणि अर्थव्यवहारातील बहुतेक समीकरणांना सूत्रात बसणारे नेमके उत्तर नसते. पुलाच्या तुळईवरील ताण, विमानाच्या पंखाभोवतीचा हवेचा प्रवाह, कर्जांच्या संचातील जोखीम, उद्याचा पाऊस या सर्वांची उत्तरे पायरीपायरीने जवळ जात काढावी लागतात. त्यासाठी आकड्यांच्या प्रचंड चौकटी, म्हणजे मॅट्रिक्स, कोट्यवधी वेळा गुणाव्या आणि सोडवाव्या लागतात. यालाच संख्यात्मक संगणन म्हणतात. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो, ती मुक्तस्रोत आज्ञावली.

हे क्षेत्र आधी बंदिस्त होते आणि मग मुक्त झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सरकारी पैशातून ‘आइसपॅक’ आणि ‘लिनपॅक’ हे फोरट्रान भाषेतील गणिती संच तयार झाले आणि ते सर्वांना खुले होते. लिनपॅकच्या कर्त्यांपैकी एक असलेले क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या खटाटोपाशिवाय हे संच वापरता यावेत, म्हणून त्यांनी एक छोटी आज्ञावली लिहिली आणि मागेल त्याला ती फुकट दिली. तिचे नाव ‘मॅटलॅब’. नियंत्रण अभियांत्रिकीतील लोकांना तिचे मोल सर्वांत आधी कळले. १९८४ मध्ये जॅक लिटल, स्टीव्ह बँगर्ट आणि मोलर यांनी ‘मॅथवर्क्स’ ही कंपनी काढली, तेव्हा सी भाषेत नव्याने लिहिलेले मॅटलॅब विकाऊ वस्तू बनले. पुढे २००० साली मॅटलॅबच्या सहाव्या आवृत्तीत लिनपॅकचा वारसा सांगणारा ‘लॅपॅक’ हा मुक्त संच आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ‘एफएफटीडब्ल्यू’ ही लहरींच्या विश्लेषणाची आज्ञावली समाविष्ट झाली. म्हणजे महागड्या परवान्याच्या वेष्टनातही मुख्य हिशेब करणारे इंजिन बऱ्याच अंशी सार्वजनिकच होते. यात गैर काही नाही. वापरायला सुटसुटीत रूप, नीट लिहिलेली माहितीपुस्तके आणि अडचण आल्यास उत्तर देणारा माणूस यांसाठी उद्योग पैसे देत होते, आणि तो सौदा त्यांना परवडत होता.

मुक्त पर्यायांची पहिली पिढी वर्गखोलीतून आली. रासायनिक अभिक्रियापात्रांच्या आराखड्यावरील एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून अमेरिकेत ‘ऑक्टेव्ह’ची कल्पना निघाली. जॉन इटन यांनी १९९२ मध्ये तिचे काम हाती घेतले आणि १९९४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर आली. नाव ऐकून संगीतातील सप्तक आठवते, पण त्याचा स्वरांशी काही संबंध नाही. पाकिटाच्या पाठीवर भराभर हिशेब मांडण्यासाठी ख्याती असलेले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांच्या नावावरून ते घेतले आहे. मॅटलॅबसाठी लिहिलेला बराचसा मजकूर ऑक्टेव्हमध्ये जसाच्या तसा चालतो. त्यामुळे लहान संशोधन-विभागांत आणि महाविद्यालयांत ते रुजले.

फ्रान्समधील ‘सायलॅब’ची वाट वेगळी होती. ‘इन्रिया’ या सरकारी संगणकशास्त्र संस्थेत ते घडले आणि १९९४ पासून ते इंटरनेटवर मोफत मिळू लागले. २००३ मध्ये त्याच्या विकासासाठी उद्योगांचा एक संघ स्थापन झाला. त्यात रेनॉ आणि प्यूजो-सिट्रॉएन या मोटार कंपन्या, ईडीएफ ही वीज कंपनी आणि फ्रान्सची अवकाशसंस्था होती. ज्यांना हत्यार लागते त्यांनीच वर्गणी काढून लोहार ठेवावा, असा तो प्रयोग होता. एक बारीक बाब मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. आरंभीची कित्येक वर्षे सायलॅबच्या परवान्यात बदललेली आवृत्ती विकण्यावर बंधन होते. मजकूर उघडा असूनही काटेकोर अर्थाने ते मुक्त नव्हते. २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते बंधन गेले.

मोटारीभोवतीच्या वाऱ्याचे गणित करणाऱ्या ‘ओपनफोम’च्या बाबतीत अर्थकारण अधिक उघड दिसते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जन्मलेली ही आज्ञावली आधी विकली जात होती. २००४ मध्ये ती मुक्त करण्यात आली. अशा प्रकारच्या व्यापारी आज्ञावल्यांचे शुल्क अनेकदा किती प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावले, यावर आकारले जाते. गणित मोठे करावे तसतसे बिल वाढते. ओपनफोममध्ये ते वाढत नाही, खर्च यंत्रांचा आणि विजेचा. फोक्सवॅगन आणि ऑडी यांच्या वायुगतिकी विभागांनी ते प्रत्यक्ष आराखड्यांच्या कामात आणले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

तरीही या सर्वांहून मोठे स्थित्यंतर पायथन भाषेने घडवले. १९९५ मध्ये जिम ह्यूगुनिन यांनी पायथनसाठी आकड्यांच्या चौकटी हाताळणारा ‘न्यूमेरिक’ हा संच लिहिला. हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेतील खगोलशास्त्रज्ञांना तो अपुरा वाटला, म्हणून त्यांनी दुसरा संच रचला. समाज दुभंगू लागला. २००५ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट या तरुण प्राध्यापकाने दोन्ही प्रवाह एकत्र आणून ‘नमपाय’ तयार केले आणि पुढच्या वर्षी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यावर उभा असलेला ‘सायपाय’ २००१ पासून होताच. त्याच्या कर्त्यांनी आपल्या आज्ञावलीला ‘१.०’ हा परिपक्वतेचा क्रमांक दिला तो मात्र २०१७ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. तोवर जगभरातील प्रयोगशाळा आणि कचेऱ्या ती निर्धास्तपणे वापरत होत्या. अशी विनम्रता व्यापारी जगात सहसा आढळत नाही.

वित्तक्षेत्रातून आलेले योगदान विशेष बोलके आहे. ‘पांडाज’ हा तक्त्यांतील माहिती हाताळणारा संच वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये ‘एक्यूआर’ या गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना लिहायला घेतला आणि वरिष्ठांचे मन वळवून तो मुक्त करून घेतला. स्पर्धकांपासून सूत्रे लपवण्यावर ज्या धंद्याची भिस्त, तिथून हे घडले. हिशेबाची अवजारे आणि गुंतवणुकीची युक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अवजारे वाटून घेतल्याने युक्ती उघडी पडत नाही, हे तिथे कळले होते.

अशा अवजारांची गरज किती होती, हे जेपी मॉर्गन चेस बँकेच्या २०१२ च्या प्रकरणात दिसले. लंडन कार्यालयाच्या व्यवहारांत बँकेला सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. जोखीम मोजण्याचे प्रारूप एक्सेलच्या तक्त्यांच्या मालिकेतून, हाताने आकडे उचलून चालवले जात होते आणि एके ठिकाणी सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते, असे बँकेच्याच चौकशी अहवालात नमूद आहे. तोटा या चुकीने झाला असे नव्हे, पण चुकीमुळे जोखीम होती त्याहून कमी दिसली. तक्त्यातील सूत्र चौकटीच्या आड दडलेले असते. पायथनमध्ये लिहिलेला हिशेब ओळीओळीने वाचता येतो, दुसऱ्याकडून तपासून घेता येतो आणि कालच्या व आजच्या मजकुरातला फरक दाखवता येतो. याच बँकेची ‘अथीना’ ही किंमत व जोखीम मोजणारी अंतर्गत प्रणाली मुख्यतः पायथनवर उभी आहे.

कंपन्यांच्या अभियंत्यांना साधन पसंत पडले तरी शेवटचा शब्द बऱ्याचदा कायदा विभागाचा असतो. ऑक्टेव्हचा जीपीएल परवाना सांगतो की त्यात बदल करून ते इतरांना दिले, तर बदललेला मजकूरही खुला द्यावा लागेल. कारखान्याच्या आत वापरण्यावर त्याने काहीच बंधन येत नाही. तरीही वकील या अटीला बिचकतात. नमपाय, सायपाय आणि पांडाज यांनी बीएसडी हा सैल परवाना निवडला. मूळ कर्त्यांचा नामनिर्देश ठेवा, बाकी वाटेल ते करा, इतकेच तो मागतो. आलेख काढणाऱ्या ‘मॅटप्लॉटलिब’चे जनक, दिवंगत जॉन हंटर यांनी या निवडीची बाजू हिरिरीने मांडली होती. कंपन्यांना भीती नसेल तर त्यांचे अभियंते वापरतील, वापरतील ते दुरुस्त्या परत पाठवतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. वापरण्याचा भाग खरा ठरला. परत पाठवण्याचा हिशेब पुढे येईल.

आता हमीच्या प्रश्नाकडे. त्याची सर्वांत कसोटीची जागा म्हणजे औषधनिर्मिती. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेली ‘आर’ ही सांख्यिकीची भाषा १९९५ पासून मुक्त आहे. विद्यापीठांत तिचा प्रसार झाला, पण औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला सादर करताना कंपन्या ‘सॅस’ या व्यापारी प्रणालीला सोडत नसत. प्रशासनाला सॅसच लागते, अशी समजूत पक्की होती. तिचे मूळ एका तपशिलात होते. माहितीच्या फायली ज्या साच्यात पाठवायच्या, तो साचा मुळात सॅसने तयार केलेला होता. पण साच्याची रचना जाहीर होती आणि कोणत्याही साधनाने तशी फाइल बनवता येत होती. अखेर २०१५ मध्ये प्रशासनाने स्पष्टीकरण दिले की सांख्यिकी विश्लेषणासाठी कोणत्याही विशिष्ट आज्ञावलीची सक्ती नाही. मात्र जी वापरली तिची आवृत्तीसह पूर्ण नोंद हवी.

या एका वाक्याने सगळे दरवाजे उघडले असे नाही. नियंत्रित उद्योगांत ‘व्हॅलिडेशन’ हा मोठा विषय असतो. साधन योग्य रीतीने बसवले आहे का, ते अपेक्षेप्रमाणे चालते का आणि आपल्या ठरावीक कामासाठी सातत्याने बरोबर उत्तर देते का, हे लेखी पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. व्यापारी कंपनी या पुराव्याचा मोठा भाग पुरवते. मुक्त साधनाच्या बाबतीत तो वापरणाऱ्याने जमवायचा असतो. आर भाषेचा गाभा अनुभवी सांख्यिकीतज्ज्ञांच्या छोट्या मंडळाच्या देखरेखीखाली असतो आणि आर प्रतिष्ठानाने नियामक अपेक्षांची पूर्तता कशी होते याचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आहे. परंतु गाभ्याभोवती जगभरच्या लोकांनी लिहिलेले हजारो जोडसंच आहेत. काहींची चाचणी काटेकोर, तर काहींची नावापुरती. म्हणून औषध कंपन्यांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन प्रत्येक जोडसंचाची जोखीम ठरवण्याच्या रीती आखल्या. त्याचा निर्माता कोण, चाचण्या किती, सदोषतेच्या तक्रारींना उत्तर मिळते का, हे त्यात पाहिले जाते. पाठोपाठ ‘आर कन्सॉर्शियम’ या उद्योगसंघाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्णतः आर भाषेत केलेले नमुना-सादरीकरण प्रशासनाकडे पाठवले. मार्च २०२२ पर्यंत त्याची छाननी यशस्वीपणे पार पडली. याच काळात रोश आणि जीएसके या बाजारातील प्रतिस्पर्धी कंपन्यांचे लोक चाचण्यांतील माहितीची मांडणी करणारा ‘अ‍ॅडमिरल’ हा संच एकत्र लिहू लागले. रुग्णाचे वय वा उपचाराचे दिवस मोजण्याची पद्धत प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे आणि गुप्तपणे लिहिण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

मजकूर उघडा आहे म्हणून तो अचूक असतो, हा मात्र भाबडेपणा. २०१४ मध्ये एका रसायनशास्त्रीय शोधनिबंधासोबत प्रसिद्ध झालेल्या पायथन आज्ञावलीचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. ती फायली ज्या क्रमाने वाचत असे, तो क्रम वेगवेगळ्या संगणक प्रणालींवर वेगळा येत होता. त्यामुळे तेच मोजमाप विंडोजवर एक उत्तर देई आणि लिनक्सवर दुसरे. हवाई विद्यापीठातील संशोधकांनी हे २०१९ मध्ये दाखवून दिले. पाच वर्षे आज्ञावली सर्वांसमोर होती आणि चूक तिथेच होती. मजकूर उघडा असल्याने शेवटी नेमकी ओळ सापडली, हे खरे. पण तपासणारा डोळा लागतोच. तो परवान्यासोबत येत नाही.

काही क्षेत्रे मुक्त साधनांना अजून दाद देत नाहीत. मोटारीच्या ब्रेकचे वा इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या चिपसाठी अभियंते चौकटी आणि बाण जोडून आकृती काढतात आणि मॅथवर्क्सचे ‘सिम्युलिंक’ त्यावरून थेट चिपचा मजकूर तयार करते. सुरक्षा-मानकांसाठी लागणारी प्रमाणपत्रे आणि पुरवठादारांची पूर्ण साखळी त्याच साच्यात बांधली गेली आहे. सायलॅबमध्ये ‘एक्सकॉस’ नावाची तशी सोय आहे. शिकण्याला ती उत्तम. परंतु कारखाना एकट्याने साखळी तोडू शकत नाही.

दुसरीकडे, साधन आपल्या हातात असण्याचे मोल एका राजकीय घटनेने दाखवून दिले. अमेरिकेने मे २०२० मध्ये निर्यातबंदीच्या यादीत चीनच्या हार्बिन शहरातील दोन तांत्रिक विद्यापीठांचा समावेश केला. काही दिवसांतच तेथील मॅटलॅबचे परवाने बंद झाले. पैसे भरलेले होते, विद्यार्थ्यांचे प्रबंध अर्ध्यावर होते. नमपाय किंवा ऑक्टेव्हच्या बाबतीत संगणकावर उतरवून घेतलेली प्रत अशी दुरून बंद करण्याचा मार्गच नाही. त्या यादीत कोणाचे नाव असावे वा नसावे हा वेगळा वाद. पण परवान्याची किल्ली दुसऱ्या देशात असते, याची नोंद अनेक देशांनी घेतली.

आणि शेवटी खर्च. परवान्याचे शुल्क वाचते, पण साधन जिवंत ठेवण्याचे काम कोणीतरी करतच असते. जगातील असंख्य बँका आणि कारखाने ज्यावर अवलंबून आहेत, त्या नमपायला विकासासाठी थेट निधी प्रथम मिळाला तो २०१७ मध्ये, आणि तोही उद्योगांकडून नव्हे, तर मूर आणि स्लोन या धर्मादाय प्रतिष्ठानांकडून, बर्कलीतील विद्यापीठामार्फत. तोपर्यंत बहुतेक काम रात्री आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवकांनी केले होते. एप्रिल २०२१ मध्ये मंगळावर ‘इंजेन्युइटी’ हे छोटे हेलिकॉप्टर उडाले, तेव्हा त्यामागच्या मुक्त आज्ञावल्यांना हातभार लावणाऱ्या सुमारे १२ हजार जणांना गिटहबने आपल्या संकेतस्थळावर एक मानचिन्ह दिले. नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिबचे लोक त्यात होते. आपण लिहिलेले मंगळापर्यंत पोहोचले, हे त्यांतील अनेकांना तेव्हाच कळले.

उद्योगांनाही याची जाणीव हळूहळू झाली, कधी बिल हातात पडल्यावर. पायथनचे संच जुळवून, तपासून एकत्र पुरवणाऱ्या ‘अ‍ॅनाकोंडा’ कंपनीने २०२० मध्ये अटी बदलल्या. दोनशेहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांनी तिच्या भांडाराचा व्यावसायिक वापर केल्यास शुल्क द्यावे, असे ठरले. संच पूर्वीइतकेच मुक्त होते, शुल्क होते ते निवडून, बांधून, घरपोच देण्याचे. अनेक कंपन्यांना आपण ते नक्की कुठून उतरवून घेतो, हेच ठाऊक नव्हते. समाजाने चालवलेली ‘कोंडा-फोर्ज’सारखी विनाशुल्क भांडारे आहेत, मात्र तिथे तपासणीची जबाबदारी आपली आपण घ्यायची.

भारतात या साधनांचा प्रसार शिक्षणाच्या मार्गाने झाला आणि त्याचे केंद्र पवईत आहे. आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीवर चालतो. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने त्यातून अभियांत्रिकीच्या रूढ पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेण्यात आली. कामाची तपासणी होते, विद्यार्थ्याला मानधन मिळते आणि उदाहरणे सर्वांना मोफत मिळतात. शिकवणी-चित्रफितींचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतर झाले आहे. लहान कारखान्याच्या मालकाला परवाना परवडत नाही एवढ्यावर अडचण संपत नाही, मुक्त साधन चालवणारा माणूसही त्याला मिळत नाही. ती उणीव अशा कामांतून भरून निघू शकते.

याच प्रकल्पात ‘ओस्डॅग’ ही पोलादी बांधकामाच्या आराखड्याची आज्ञावली घडली आहे. भारतीय मानक ८००, वर्ष २००७, यानुसार ती जोडण्यांचे आणि खांब-तुळयांचे हिशेब करते आणि शेवटी अहवाल देते. त्यात बोल्टची संख्या किंवा वेल्डची जाडी मानकातील कोणत्या कलमावरून आली, ते लिहिलेले असते. आराखड्याखाली सही करणारा अभियंता तो अहवाल आणि, शंका आलीच तर, त्यामागचा मूळ मजकूरही स्वतः वाचू शकतो.